नमुना क्रमांक नऊ

माणसाने निसर्गाशी भांडू नये, करार करावा, असं माझं फार जुनं आणि ठाम मत आहे. करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात आणि दुसरा पक्ष कागदासकट सगळं चघळून टाकतो, एवढीच काय ती अडचण. ती मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सकाळी सहा वाजता, हातात मोजपट्टी घेऊन उभा असताना कळली.

दुसरा पक्ष म्हणजे हरणं. आमची वसाहत गावाच्या टोकाला आहे. शेवटची ओळ, ओळीतलं शेवटचं घर आमचं, मग कमरेएवढी भिंत आणि मग थेट जंगल. घर दाखवताना दलाल म्हणाला होता, "साहेब, सकाळी खिडकीतून हरणं दिसतील." तो खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही. फक्त ती खिडकीला इतकी खेटून दिसतील, आणि दिसताना त्यांच्या तोंडात आमचं काहीतरी असेल, हे त्याने सांगितलं नव्हतं.

तीन वर्षं हरणं आमची बाग खात होती आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. बाग माझी नव्हे. मी बागेत पेपर वाचतो, एवढाच माझा आणि वनस्पतींचा संबंध. पण बायकोचा एक गुलाब आहे. फिकट पिवळा. तिच्या वडिलांनी तो स्वतः वाढवलेला. वडील गेले, घर विकलं गेलं, भावंडांनी भांडी, कपाटं, फोटो वाटून घेतले आणि हिने मागून घेतली एक फांदी. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून अकरा तास मांडीवर धरून तिने ती आणली. फांदीने मूळ धरलं. दर वर्षी कळ्या येतात, कळीच्या टोकाला पिवळी चोच दिसते, उद्या उमलणार असं आम्ही म्हणतो, आणि उद्या तिथे नुसता देठ असतो.

एका दुपारी शेंगा निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मला त्याचा वास आठवेनासा झालाय."

"कशाचा?"

"गुलाबाचा. रंग आठवतो. बाबा कात्री घेऊन उभे असायचे ते आठवतं. वास निसटतोय."

एवढं बोलून ती पुढची शेंग सोलायला लागली. मी म्हटलं, "यंदा फूल येईल. मी बघतो."

"मी बघतो" हे शब्द मी कचेरीत चौतीस वर्षं वापरले आणि त्यांचा अर्थ तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. बायकोने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोन शब्दांचं मला ओझं वाटलं.

सोपा उपाय म्हणजे जाळी. पण आमच्या वसाहतीला एक समिती आहे आणि समितीला एक चिटणीस आहेत. नियमावली त्यांना तोंडपाठ आहे. पाठ नसलेला नियम ते तिथल्या तिथे करतात. ते म्हणाले, "जाळी बांधावी लागते. म्हणजे ते बांधकाम झालं. मागच्या अंगणात बांधकामाला परवानगी नाही."

"आणि भिंत थोडी वाढवली तर?"

"भिंत वाढते तेव्हाही बांधकामच होतं. झाडं लावा ना. झाडं उगवतात. उगवण्याला समितीची हरकत नाही."

म्हणजे हरणांना आवडत नाहीत अशी झाडं शोधायची आणि त्यांचं कडं गुलाबाभोवती करायचं. कल्पना इतकी साधी होती की ती चिटणिसांना सुचली याचंच मला वाईट वाटलं.

अशी झाडं कोणती, हे विचारायला मी वनखात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचे कारकून सज्जन होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरणं खात नाहीत अशा झाडांची यादी आपल्याकडे नाही. खातात त्यांची आहे."

"ती द्या मग."

"एकशे बारा झाडं आहेत. ती सोडून बाकी सगळी झाडं तुमची."

यादीसाठी अर्ज, अर्जासोबत राहत्या जागेचा दाखला आणि 'सदर यादी हरणांच्या विरोधात वापरली जाणार नाही' असं हमीपत्र लागलं. हमीपत्रावर मी सही केली. आठ दिवसांनी यादी मिळाली. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप होती: 'भूक लागल्यास यादीबाहेरील वनस्पतीही खाल्ल्या जातात.'

घरी येताना शेजारचे दाताचे डॉक्टर फाटकाशी भेटले. ते निवृत्त झालेत, पण समोरचा माणूस बोलायला लागला की अजून त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात. म्हणाले, "तुम्ही मुळात चुकताय. हरणाला वरचे पुढचे दातच नसतात."

"मग?"

"मग काय, ते कातरत नाही, ओढून तोडतं. चिवट पानाचं झाड लावा. मनस्ताप होईल त्याला." आणि थोडं थांबून, हळहळून म्हणाले, "एवढ्या जनावरांना वरचे दात नाहीत. केवढं काम आहे बघा."

नर्सरीवाल्याचा आत्मविश्वास याहूनही मोठा होता. त्याने माझ्यासमोर आठ कुंड्या मांडल्या: लसूण, पुदिना, पानओवा, झेंडू, जिरेनियम, लॅव्हेंडर, रोजमेरी आणि कोरफड. "यातल्या एकालाही हरीण तोंड लावणार नाही. लिहून देतो."

"कशावरून?"

"माझ्या नर्सरीत आजपर्यंत एक पान खाल्लेलं नाही."

नर्सरीला आठ फूट उंच भिंत होती आणि फाटकाशी दोन कुत्री होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. निघताना त्याने नववी कुंडी वरून दिली. तेरड्याची. "आठ बरे दिसत नाहीत, साहेब. नऊ न्या." तेरडा एकशे बाराच्या यादीत होता की नाही हे मी पाहिलं नाही. पुढे जे घडलं त्यात या न पाहण्याचाही वाटा होता.

आता इथे मला माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, कारण सगळ्या अनर्थाचं मूळ तिथे आहे. मी सरकारी प्रयोगशाळेत नमुने तपासत असे. मुख्यतः डिंक. सरकारी कचेऱ्यांतली पाकिटं ज्याने चिकटतात तो. चौतीस वर्षांत माझ्या सहीशिवाय डिंकाची एकही बाटली कुठल्या टेबलावर गेली नाही. असा माणूस कोणाच्या सांगण्यावरून झाड लावत नाही. तो चाचणी घेतो.

मागच्या भिंतीजवळ मी जुनं पुस्तकांचं कपाट आणून ठेवलं. त्यात चार-चार करून आठ कुंड्या बसल्या. नववी बसेना, म्हणून ती खाली जमिनीवर ठेवली. प्रत्येकीला चिठ्ठी, क्रमांक, तारीख, सही. आणि सगळ्यांच्या पुढे एका ताटात मटाराचे कोवळे कोंब.

"हे कशाला?" बायकोने विचारलं.

"तुलनेचा नमुना. समज, हरणांनी काहीच खाल्लं नाही. मग त्यांना झाडं आवडली नाहीत, की ती आलीच नाहीत, हे कसं कळणार? कोंब खाल्लेले दिसले म्हणजे आली होती. कोंब खाल्ले आणि झाड सोडलं, म्हणजे ते झाड खरं."

"म्हणजे हरणांनी येऊ नये म्हणून तुम्ही त्यांना जेवायला बोलावताय."

"शास्त्रात याला पर्याय नाही."

"बरं," ती म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या "बरं"चे अकरा प्रकार मी मोजलेत. हा सातवा होता.

पहिले तीन दिवस कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी कोंब साफ. पाचव्या दिवशी एक हरिणी आणि तिचं पाडस. आठव्या दिवशी सहा जण. दहाव्या दिवसापासून ती सकाळी सहाला दहा कमी असताना भिंतीवरून उड्या मारून यायची आणि ताट रिकामं असलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत उभी राहायची. मी वक्तशीर माणूस आहे. मला त्यांचं कौतुक वाटलं.

कोंब संपले की ती कपाटाकडे वळत. रोज सकाळ-संध्याकाळ मी तपासणी करून तक्ता भरत होतो. झेंडू पाचव्या दिवशी संपला. जिरेनियम सहाव्या. पुदिना त्यांनी आधी हुंगला, मग खाल्ला, मग पुन्हा हुंगला. लॅव्हेंडरची फुलं गेली, नंतर पानं. लसणाची पात खाऊन एक हरीण शिंकलं आणि त्याने पुन्हा पात तोंडात घेतली. पानओव्याचा बुंधा उरला. रोजमेरी एकाने मुळापासून उपटून लांब भिरकावली. ती मी 'नाकारली' या रकान्यात नोंदवली, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने ती तिथून उचलून खाल्ली. कोरफडीवर दाताच्या डॉक्टरांची भिस्त होती. तिचे तुकडे त्यांनी उचलून उजेडात धरले आणि म्हणाले, "खालचे दात उत्तम दिसतात."

नऊ नंबरला मात्र कोणी हात, म्हणजे तोंड, लावलं नाही.

नऊ नंबरची तपासणी हे कष्टाचं काम होतं. बाकीच्या कुंड्या उभ्याने बघता येत; नववी जमिनीवर. वाकलं की माझा उजवा गुडघा कुरकुरतो. म्हणून मी तिथे स्टूल टाकून बसायचो, आधी गुडघ्याला मलम चोळायचो आणि मग निवांत तेरड्याचं एकेक पान बोटात धरून मोजायचो, उलटंपालटं करून बघायचो, मोजपट्टी लावायचो. हे मलम आमच्या घरात वादाचा विषय आहे. पिवळ्या डबीतलं असतं ते. बायको म्हणते, "तुम्ही खोलीत येता त्याच्या आधी तुमचं मलम येऊन बसतं." पण आराम पडतो.

एकवीस दिवस. सकाळ-संध्याकाळ. नऊ नंबरचं एक पान कमी झालं नाही. उलट चार वाढली.

बायको म्हणाली, "तेरडा? अहो, त्याच्यासारखं रसाळ, कोवळं दुसरं काय आहे? शेळी दिसली की आम्ही तेरडा झाकायचो लहानपणी."

"शेळी वेगळी, हरीण वेगळं. तक्ता बोलतोय."

"बरं," ती म्हणाली. हा नववा प्रकार होता.

समितीच्या सभेत मी अहवाल वाचला. सव्वीस पानं. टाळ्या वाजल्या. चिटणिसांनी माझा उल्लेख 'आपल्या वसाहतीचे शास्त्रज्ञ' असा केला आणि मी तो खाली मान घालून, पण सगळा ऐकला. रविवारी सगळ्यांनी मिळून झाडं लावली. प्रवेशद्वाराजवळच्या वाफ्यात साठ तेरडे, प्रत्येक घरापुढे दहा, आणि आमच्या गुलाबाभोवती दुहेरी कडं. गुलाबाला तेव्हा तीन कळ्या होत्या. बायकोने त्या रविवारी तीन वेळा बाहेर येऊन मोजल्या.

सोमवारी सकाळी वसाहतीत रविवारी लावलेला एकही तेरडा उरला नव्हता. कोंबांचं ताट मी बंद केलं होतं. चाचणी संपल्यावर तुलनेचा नमुना ठेवायचा नसतो. त्यामुळे पाहुणे उपाशी होते. त्यांनी दुहेरी कडं शिस्तीत आतून बाहेर की बाहेरून आत खाल्लं ते मला सांगता येणार नाही, पण मधे गुलाबाच्या दोन कळ्या गेल्या होत्या. तिसरी, अगदी खालच्या फांदीवरची, पानाआड होती म्हणून राहिली.

डॉक्टर भिंतीवरून बघत म्हणाले, "ताट वाढलं होतंत तुम्ही. मधोमध गोडाचं ठेवून."

दुपारी चिटणिसांचं पत्र आलं. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. 'शास्त्रज्ञ' हा शब्द त्यात होता, फक्त त्याच्याआधी 'तथाकथित' आलं होतं. ते मला लागलं नाही. मला लागलं ते दुसरंच. बायको दोन देठ हातात घेऊन थोडा वेळ बसली, मग उठून कुकर लावला. तिने दोन शब्द सुनावले असते तर मी वाद घातला असता. वाद मला चांगला घालता येतो.

संध्याकाळी सवयीने मी कपाटापाशी गेलो. बघतो तर नऊ नंबर जागच्या जागी. आजूबाजूला हरणांच्या खुरांचा चिखल, आणि मधे तेरडा टवटवीत.

"अगं, इकडे ये," मी ओरडलो. "तक्ता बरोबर होता. रोपांची जात वेगळी असणार. नर्सरीवाल्याने फसवलं."

ती आली. आधी तिने कुंडीकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग वाकून पानाचा वास घेतला. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "हात बघू."

मी हात पुढे केले. तिने ते हुंगले.

"अहो, ही पानं रोज दोन वेळा कोण चिवडतं?"

"चिवडत नाही. मोजतो."

"मलम लावलेल्या हातांनी?"

मी हात मागे घेतले. चौतीस वर्षं नमुन्याला उघडा हात लावू नये असं नव्या लोकांना शिकवणारा माणूस त्या वेळी कसा दिसतो, ते मला खिडकीच्या काचेत दिसलं.

"म्हणजे झाड नाही आवडत असं नाही हो त्यांना," बायको म्हणाली. "तुम्ही नाही आवडत." आणि ती हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा हसली, आणि इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. माझ्या मानी स्वभावाला धक्का बसला होता खरा, पण ते हसणं ऐकून तो मी तात्पुरता बाजूला ठेवला.

मी लगेच म्हटलं, "मग कळीलाच मलम लावू."

"कळीला बोट लावाल तर बघा. बाबांच्या गुलाबाला मलम?"

मग काठ्यांना मलम लावून पाहिलं. दवाने वास उतरतो. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याला लावतो तेव्हाच हे मलम दरवळतं. त्याला अंगाची ऊब लागते." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. स्टूल बायकोने उचललं आणि गुलाबाशेजारी नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाच ते सात मी तिथे बसू लागलो. दोन्ही गुडघ्यांना मलम, हातात चहा. पहिल्या दिवशी सहाला दहा कमी असताना सहाही जण भिंतीवरून आत आले. मला पाहून थांबले. पुढची हरिणी दोन पावलं जवळ आली, तिने नाक वर केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी पूर्वी एकदाच पाहिला होता, खराब डिंकाची बाटली उघडताना आमच्या साहेबांच्या चेहऱ्यावर. ती वळली. बाकीचे तिच्या मागे गेले. पाडस तेवढं भिंतीवरून उडी मारण्याआधी एकदा मागे वळून बघून गेलं.

खुलाशात मी सगळं खरं लिहिलं. समितीने त्यावर निर्णय दिला की व्यक्ती हे बांधकाम नव्हे, मात्र ती एका जागी कायमस्वरूपी बसणार असल्यास कळवावे. डॉक्टरांनी त्यांच्या वालाच्या वेलापाशी बुधवार-शुक्रवार अर्धा तास बसाल का, असं विचारलं. चिटणिसांनी स्वतः येऊन, आडून आडून, मलमाचं नाव विचारून घेतलं. वनखात्याला मी कळवलं की यादीबाहेर एक गोष्ट सापडली आहे. त्यांनी ती वनस्पती आहे का, असं उलट विचारलंय. उत्तर अजून दिलेलं नाही.

आणि खरं सांगू का, मला तिथे बसायला आवडायला लागलं. सकाळी पानांवर दव असतं, चहा गरम असतो, भिंतीपलीकडे सहा चेहरे आपल्याकडे नाराजीने बघत असतात. निवृत्तीनंतर आपली कोणाला गरज उरली नाही असं लोक म्हणतात. त्यांनी एकदा गुलाबाशेजारी बसून बघावं. कळी रोज थोडी सैल होत होती. पिवळी चोच मोठी झाली, मग एक पाकळी सुटली, मग दुसरी. दहाव्या दिवशी मी स्टुलावर येऊन बसलो तेव्हा फूल पूर्ण उमललेलं होतं. फिकट पिवळं, कडेला जरा पांढरं.

मी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि दोन पावलांवर थांबली. बराच वेळ नुसतं बघत होती. मी काहीतरी बोलणार होतो, म्हणजे चिकाटीबद्दल, शास्त्रीय दृष्टीबद्दल, तीन-चार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. पण ती खाली बसली, फांदी दोन बोटांनी अलगद जवळ घेतली, डोळे मिटले आणि श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग कपाळाला आठी घालून डोळे उघडले.

"अहो," ती म्हणाली, "तेवढं जरा पलीकडे जाऊन बसता का? मला फुलाचा वासच येत नाहीये."